अडचण आली तर कोण येईल

माझ्या टेबलाच्या खणात एक कागद आहे. त्यावर दोन रकाने आखलेत. डावीकडे ‘विकतचा डेटाबेस’, उजवीकडे ‘फुकटचा डेटाबेस’, आणि खाली अकरा ओळी. अक्षर माझं. शेवटी ट्रस्टच्या सचिवांची सही आणि ‘उजवीकडचा मंजूर’ असा शेरा. फाडून टाकावा म्हणून मी दोनदा तो बाहेर काढला आणि दोन्ही वेळा परत ठेवला.

मी बीडला एका ट्रस्टच्या दवाखान्यातल्या रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही मीच ओढून काढतो आणि प्रोग्रॅमही मीच लिहितो. गावाकडं कुणी विचारलं, डेटाबेस म्हणजे काय रे, तर मी सांगायचो, कॉम्प्युटरच्या पोटातली वही. रक्त कुणी दिलं, कोणत्या पिशवीत भरलं, ती पिशवी कुणाला चढली, चढल्यावर त्याला काय झालं, हे सगळं तिच्यात. नाव सांगितलं की पान उघडून देते. एवढं बोलून मी चेहऱ्यावर शहाणपण आणायचो.

त्या वहीत एक पान माझ्या भाचीचं होतं. धाकट्या बहिणीची मुलगी, नऊ वर्षांची, राहणार चकलांबा. तिला थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात रक्त टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी आई तिला घेऊन बीडला येते आणि आमच्याकडची एक पिशवी तिला चढते. अशा मुलांचं अंग कधीकधी बाहेरच्या रक्तातल्या एखाद्या गोष्टीशी वैर धरतं. या गोष्टींना डॉक्टर इंग्रजी अक्षरांची नावं देतात. भाचीच्या अंगाने दोन गोष्टींशी धरलं होतं. त्या दोन्ही नसलेलीच पिशवी तिच्यासाठी निवडायची. चुकीची चढली तर दिलेलं रक्त आतल्या आत फुटतं, लघवी लाल होते, मूत्रपिंडावर येतं.

आमच्या रक्तपेढीच्या डॉक्टर बाईंनी हे मला एकदा समजावून सांगितलं होतं. वर म्हणाल्या होत्या, ‘‘काही महिन्यांनी तपासलं तर काहीच सापडत नाही. अंग विसरलंय असं वाटतं. विसरलेलं नसतं. म्हणून जुनी नोंद जपायची.’’ मी मान हलवली होती. नोंदी जपणं हेच तर माझं काम होतं.

आमच्याकडे आधी विकतचा डेटाबेस होता. त्याचा मालक म्हणजे एक मोठी कंपनी, पण आम्ही वापरायचो ती तिचीच छोटी, बिनपैशांची आवृत्ती. बसवून देणारा माणूस म्हणाला होता, काही अडचण येणार नाही. त्या आवृत्तीला वहीची पानं ठरलेली असतात, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही वाचलं नाही. मांजरसुंब्याच्या फाट्यावर आम्ही एका ढाब्याच्या अंगणात शिबिर घेतलं. ट्रकवाल्यांनी रांग लावून रक्त दिलं. पिशव्या घेऊन दुपारी बीडला आलो तर मशीन नवी नोंदच घेईना. पानं संपली होती. कंपनीच्या नंबरावर फोन लावला. आधी संगीत वाजलं, मग एका मुलीने इंग्रजीत एक क्रमांक दिला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की मोठी आवृत्ती घ्या. तिच्या किमतीत आमच्याकडे रक्त ठेवायचा नवा फ्रीज आला असता.

तेव्हा मी पेटलो. सगळ्या जगातले लोक मिळून बनवतात असा एक डेटाबेस असतो. त्याला लायसन्स विकत घ्यावं लागत नाही, पानांची मर्यादा नाही, आतलं सगळं उघडं. तोही फुकट आणि हाही फुकट, पण कंपनी फुकट देते ती चव बघायला, आणि हा दिला तो दिलाच. हे मी सचिवांना तावातावाने सांगितलं. ते निवृत्त हेडमास्तर. म्हणाले, ‘‘तोंडी नको. तुलना करून आणा. दोन रकाने आखा.’’

आठ दिवस मी तो तक्ता केला. वेग, जागा, सुरक्षितता, शिकायला किती वेळ, मराठी नावं नीट बसतात का, सगळ्याच्या ओळी. जवळजवळ प्रत्येक ओळीत उजवीकडचा जिंकत होता, आणि मी जिंकल्यासारखा लिहीत होतो. शेवटची ओळ होती, ‘अडचण आली तर कोण येईल’. डावीकडे मी लिहिलं, ‘कंपनी’. उजवीकडे काय लिहावं हे सुचेना. जगभरातले लोक असं लिहिलं असतं तर हेडमास्तर हसले असते. मग मी लिहिलं, ‘मी’.

सचिवांनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. ‘‘मग काय प्रश्नच नाही. तुमी आहातच की,’’ असं म्हणून सही केली. माझी छाती किती फुगली होती हे आता सांगायलाही लाज वाटते.

फुकटचा डेटाबेस खरंच चांगला निघाला. हे मी आजही म्हणतो. दोन वर्षं त्याने कुरकुर केली नाही. त्याच्या जिवावर मी रक्तपेढीतली रजिस्टरं बंद करायला लावली. कशाला दोनदा लिहायचं, सगळं आत आहे, असं मीच मीटिंगमध्ये म्हणालो होतो. वॉर्डातल्या केसपेपरवर ‘रक्त दिले’ एवढंच राहिलं. कोणतं चालत नाही हे फक्त मशीनच्या पोटात.

पण उघड्या गोष्टीला हात लावायचा मोह मला आवरला नाही. नोंद झाली असं सांगण्याआधी ती खरंच डिस्कवर उतरली का, हे डेटाबेस थांबून बघतो. त्या थांबण्यात वेळ जातो. आमचं मशीन जुनं, शिबिराच्या दिवशी लोक डोक्यावर उभे राहून ‘झालं का’ विचारायचे. ते थांबणं बंद करायची एक ओळ असते. विकतच्यात अशी ओळ मला कधी दिसली नव्हती, तिथे झाकणाला कुलूपच होतं. इथे ती समोर होती आणि तिच्यापाशी स्पष्ट लिहिलं होतं की लाईट गेली तर सगळं जाऊ शकतं. मी ती बदलली. मशीन पळायला लागलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

लाईटची मला भीती नव्हती, कारण माझ्याकडे बॅकअप होता. एक छोटी हार्डडिस्क. दर शनिवारी सगळ्या वहीची प्रत तिच्यावर घ्यायची, शेवटच्या चार प्रती ठेवायच्या, जुन्या पुसायच्या. कुलूपबंद खणात ती असायची.

आता जे सांगतो ते मी अजून घरीही सांगितलेलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या रक्तपेढीत हत्यारांची पूजा असते. सूक्ष्मदर्शक, रक्त फिरवायचं यंत्र, सुया कापायचं मशीन, सगळं पुसून मांडतात, हळदकुंकू लावतात, फुलाने पाणी शिंपडतात. आमच्या घरात पूजा नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच देव्हारा गेला. दरवर्षी त्या दिवशी मी दाराशी उभा राहून पेढा घ्यायचो. कुणी काही म्हणायचं नाही, पण ते न म्हणणंही मला कळायचं. त्या वर्षी आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशींनी सहज विचारलं, ‘‘साहेब, समद्यांची हत्यारं मांडली. तुमचं कुटंय?’’ सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मशीन तर पूजेआधीच सजलं होतं. मला वाटलं, एवढं विचारतायत तर काय बिघडतं. मी खण उघडला आणि बॅकअपची हार्डडिस्क माझ्या हाताने पाटावर ठेवली.

तिच्यावर हळद पडली, कुंकू पडलं, पाणी पडलं. सगळे हसले, मीही हसलो. मग रुमालाने पुसून परत खणात ठेवली. पुढच्या शनिवारी लावली तर दिवा लागला. मी दर शनिवारी तेवढा दिवाच बघत राहिलो. आतली प्रत एकदाही उघडून बघितली नाही.

माघ महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी विजेचा दाब वरखाली झाला आणि मशीन नोंद भरता भरता बंद पडलं. इन्व्हर्टरची बॅटरी कधीच मेली होती. मशीन परत चालू झालं, डेटाबेस झाला नाही. पानं फाटून एकमेकांत मिसळली होती. मला तेव्हा घाम आला नाही. मी खण उघडला, हार्डडिस्क लावली. दिवा लागला. चार प्रती दिसल्या. पहिली उघडेना. दुसरी उघडेना. तिसरी अर्ध्यात थांबली. चौथी रिकामी होती. जी चांगली प्रत होती ती दसऱ्याच्या आधीची, आणि ती माझ्याच नियमाने केव्हाच पुसली गेली होती. डिस्क उलटी करून बघितली तर वायर लावायच्या खोबणीत वाळलेलं कुंकू होतं. मी खुर्चीवर बसलो आणि कितीतरी वेळ त्या कुंकवाकडे बघत राहिलो.

भाचीची खेप मंगळवारी होती.

आमच्याकडे नियमित रक्त घेणारी चौदा मुलं. त्यातल्या दोघांनाच अशी वैराची नोंद होती. एक मुलगा नवा, त्याचं बाईंना तोंडपाठ होतं. दुसरी माझी भाची. तिची तपासणी रजिस्टरं बंद झाल्यावरची, आणि ती ज्याने केली तो तंत्रज्ञ वर्षापूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेला होता. बाईंनी मला ओरडायला हवं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘तिच्या आईकडे काही कागद असेल का?’’ मी म्हणालो, ‘‘नाही हो. तिला वाचताच येत नाही.’’ हे मी किती पटकन म्हणालो.

दुपारी मी त्या जगभरातल्या लोकांना लिहिलं. त्यांचं एक पान असतं, तिथे कुणीही प्रश्न टाकू शकतो. माझं इंग्रजी जेमतेम. अर्ध्या तासात कुठल्याशा देशातून एका माणसाचं उत्तर आलं. त्याने विचारलं, शेवटचा चांगला बॅकअप कधीचा? मी लिहिलं, नाही. त्याने विचारलं, ती ओळ बदलली होती का? मी लिहिलं, हो. मग त्याने फाटलेली पानं गोळा करायचे तीन उपाय सांगितले, आणि खाली लिहिलं की मला वाईट वाटतं. कंपनीने कधी एवढंही लिहिलं नव्हतं. पण त्या वाईट वाटण्याचं मी काय करणार होतो? त्याच्याकडे माझी भाची नव्हती.

शुक्रवार आणि शनिवार मी ते तीन उपाय करत राहिलो. तुकडे हाती यायचे. नाव आहे तर गाव नाही, पिशवी आहे तर माणूस नाही. शनिवारी दुपारी भाचीचं पान सापडलं. नाव, वय, गाव, रक्तगट, सगळं नीट. ‘चालत नाही’ या रकान्यात अक्षरांऐवजी नुसते चौकोन. मी ते पान सात-आठ वेळा उघडलं. दर वेळी चौकोन. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. मी असा रडणारा माणूस नाही, पण त्या दिवशी दुसरं काही करता येत नव्हतं.

बाईंनी तोवर भाचीचा मागच्या खेपेचा उरलेला नमुना तपासला. काही सापडलं नाही. ‘‘हीच भीती वाटत होती मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हा तपासणीचा कागद बघून एखादा नवा डॉक्टर बिनधास्त कुठलीही पिशवी लावेल.’’ मी विचारलं, चढवलंच नाही तर? म्हणाल्या, ‘‘किती दिवस थांबवणार? मागच्या वेळी आली तेव्हाच जिना चढताना बसली होती.’’

रविवारी सकाळी पुण्याचा फोन लागला. तंत्रज्ञाला सगळं सांगितलं. तो माझ्याच वयाचा, आष्टीकडचा, तोंडाने फटकळ. मग म्हणाला, ‘‘ई नको व्हतं तिला. हे नक्की. दुसरं बी कायतरी सापडलं व्हतं, मागनं. ते न्हाई आठवत बे.’’

‘‘आठव ना,’’ मी म्हणालो.

‘‘चुकीचं सांगू का? लेकरू मरंल.’’ मग म्हणाला, ‘‘मी पिशवीच्या चिठ्ठीवर पेनानं लिवायचो. तुज्या मशीनवर माजा भरोसा नव्हता, खरं सांगतो. रक्त चढून झालं की तुजी बहीण ती चिठ्ठी मागून न्यायची. कावून न्यायची, मला काय म्हाईत. इचार की तिला.’’

फोन ठेवला आणि तसाच स्टँडवर गेलो. गेवराईला गाडी बदलून चकलांब्याला पोचेपर्यंत मी बहिणीला फोन केला नाही. काय सांगणार होतो? शुक्रवारपासून तीन दिवस मी तिच्यापासून तोंड लपवत होतो.

दाजी शेळ्या घेऊन गेले होते. भाची पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे. ‘‘मामा, आज रविवार हाय,’’ म्हणाली. ‘‘मंगळवारी यायचंय ना आमाला?’’ बहिणीने पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि सहज विचारतोय असं दाखवत म्हणालो, ‘‘त्या पिशवीवरच्या चिठ्ठ्या तू नेतेस म्हणे. आहेत का गं?’’

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या लग्नातली पत्र्याची पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. डावीकडून उजवीकडे, ओळीखाली ओळ, एकही वाकडी नाही. मी गुडघ्यावर बसलो. चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. आमच्या प्रिंटरची छपाई एसटीच्या तिकिटासारखी उन्हाने उडते, आणि तिचं घर पत्र्याचं. स्वस्त म्हणून ते रोल मीच मागवले होते. मला वाटलं, आता इथेच आडवं व्हावं.

मग झाकण दाराच्या उजेडाकडे वळवलं. छापलेलं गेलं होतं, पण पेनाने लिहिलेलं होतं. पहिल्या दोन ओळींत काहीच नाही. तिसऱ्या ओळीत मधूनच सुरू होतं, निळ्या शाईत, ‘ई नको’. मग प्रत्येक चिठ्ठीवर तेच. पाचव्या ओळीत, ‘ई नको, के नको’. आणि तिथून तंत्रज्ञ पुण्याला जाईपर्यंत दोन्ही; त्यानंतरच्या वर्षभराच्या ओळी कोऱ्याच. मी बोटाने एकेक चिठ्ठी मोजावी तशी वाचत गेलो, आणि शेवटी पोचल्यावर परत पहिल्यापासून वाचली.

‘‘हे कशाला लावून ठेवलंस?’’ मी विचारलं.

‘‘तू म्हनला व्हतास, समदं मशीनमदी हाय म्हनून. पन मशीन तुज्याकडं हाय दादा, पोरगी माज्याकडं हाय. मला वाचता येत न्हाई, पन त्यो दादा दर खेपेला पेनानं कायतरी लिवायचा. उगं कोन लिवंल? म्हनलं ऱ्हाऊ दे.’’ मग म्हणाली, ‘‘कावून इचारतो? मशीनमदी हाय ना?’’

‘‘हाय,’’ मी म्हणालो.

मोबाईलने फोटो काढले. पत्रा चमकत होता, अक्षर नीट येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आता मला कुठल्याच मशीनवर विसंबायचं नव्हतं. मी म्हणालो, पेटी नेऊ का, बाईंना दाखवायचीय. बहिणीने कशाला असं विचारलं नाही. आतली लुगडी, लेकीचे कपडे, सगळं काढून पलंगावर ठेवलं आणि रिकामी पेटी माझ्या हातात दिली.

रात्री बीडला परतलो तेव्हा बाईंनी पेटी टेबलावर ठेवून स्वतः सगळ्या ओळी वाचल्या आणि एका कागदावर उतरवून खाली सही केली. पुण्याला फोन करून ‘के’ असं सांगितल्यावर तंत्रज्ञ ओरडलाच, ‘‘हां, केच की बे.’’ सोमवारी फ्रीजमधल्या पिशव्या एकेक तपासून ई नाही, के नाही अशी पिशवी निघाली.

मंगळवारी सकाळी ती चढली. पहिला पाऊण तास मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. ताप आला नाही, कंबर दुखली नाही. दुपारपर्यंत भाचीच्या ओठांवर रंग आला आणि तिने वडापाव मागितला. सचिव वॉर्डात आले होते. माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘तुमी आहात म्हणून निभावलं.’’ मी मान खाली घातली.

रक्त संपल्यावर बहिणीने पिशवीवरची चिठ्ठी जपून सोलून काढली. बाईंनीच तिच्यावर पेनाने लिहिलं होतं. दर वेळेसारखी ती पदराला लावील असं मला वाटलं. तिने ती माझ्या तळहातावर चिकटवली.

‘‘पेटी तुज्याकडंच ऱ्हाऊ दे,’’ ती हळूच म्हणाली, लेकीला ऐकू जाणार नाही अशी. ‘‘मशीनमदी असतं, तर तू तीन घंट्याची वाट तुडवून पेटी न्यायला आला नसतास. मला तवाच कळलं व्हतं, दादा. पोरगीफुडं म्हनले न्हाई.’’

ती लेकीच्या पायात चप्पल घालायला खाली वाकली. पेटी अजून माझ्या टेबलाखाली आहे, आणि दर तीन आठवड्यांनी तिच्या झाकणात एक चिठ्ठी मी लावतो.